बोटीवरचे बत्तीसाहेब

आपल्या बेळगावात वळवाचा पाऊस आला म्हणजे पहिल्या गडगडाटाबरोबर वीज जाते, हा सर्वांच्या अनुभवाचा विषय आहे. वीज गेली की आपण प्रथम खिडकीतून शेजारच्या घराकडे पाहतो. तेथेही काळोख असला म्हणजे मनाला थोडे समाधान वाटते. मग मेणबत्ती शोधावी, वीज कंपनीला फोन करावा आणि लाइनमन येईपर्यंत कट्ट्यावर गप्पा मारीत बसावे, असा आपला क्रम ठरलेला आहे. वीज कोठेतरी दूर निर्माण होते आणि बिघडली तर दुरुस्त करणारा कोणीतरी आहे, हे आपण गृहीत धरलेले असते.

वाचकहो, आता क्षणभर अशी कल्पना करा की, आपण किनाऱ्यापासून हजार मैलांवर एका पोलादी मालबोटीवर आहोत, मध्यरात्र आहे आणि बोटीवरची वीज गेली आहे. शेजारी कोणाचे घर नाही, फोन करण्यास कचेरी नाही, आणि लाइनमन यावयाचा तर तो बोटीवरच असला पाहिजे. नुसते दिवे गेले असते तर एक वेळ भागले असते. परंतु सुकाणू फिरविणारी मोटर विजेवर चालते, मुख्य इंजिनाला पाणी व तेल पुरविणारे पंप विजेवर चालतात, रडार विजेवर, अन्नाची शीतकोठी विजेवर आणि आग विझविण्याचा पंपही विजेवरच. वीज गेलेली बोट म्हणजे वाऱ्याच्या आणि प्रवाहाच्या स्वाधीन झालेले हजारो टन लोखंड होय. अशा वेळी सर्वांचे डोळे ज्याच्याकडे वळतात, त्या माणसाचा परिचय करून द्यावा, हा या लेखाचा हेतू आहे.

आम्ही विज्ञान शिकविणारे शाळामास्तर. समुद्राशी आमचा संबंध आजोळापुरता. आमचे आजोळ रत्नागिरीकडचे, आणि त्या बाजूच्या मुसलमान वस्त्यांतून बोटीवर जाणाऱ्यांची परंपरा फार जुनी. आमचे थोरले मामू इंजिनखान्यात तेलवाले होते. सुटीवर आले म्हणजे बोटीवरच्या दरबाराचे वर्णन करीत. मुख्य इंजिनिअर म्हणजे बडासाहेब, डेकवरचे अधिकारी ते मालीमसाहेब, बिनतारी यंत्रावर बसणारे ते मार्कोनीसाहेब आणि विजेचे काम पाहणारे ते बत्तीसाहेब. या बत्तीसाहेबांनाच आता कागदोपत्री ‘इलेक्ट्रो-टेक्निकल ऑफिसर’ असे लांबलचक नाव मिळाले आहे. व्यवहारात त्याचे ‘ई. टी. ओ.’ होते, भारतीय खलाशांच्या तोंडी मात्र जुने नाव अजून टिकून आहे.

परंतु लेख लिहिण्याचे खरे कारण आजोळ नव्हे. आमचे दोन विद्यार्थी या वाटेने निघाले. एक पोहोचला, दुसरा पोहोचला नाही, आणि दुसऱ्याच्या बाबतीत आमच्याही हातून चूक झाली. ती पुढे यथास्थित सांगू. प्रथम हे काम काय आहे ते पाहू.

बोटीवर विजेचा दिवा लागून आता जवळजवळ दीड शतक होत आले. १८८० साली अमेरिकेत बांधलेल्या ‘कोलंबिया’ नावाच्या आगबोटीवर एडिसनचे दिवे बसविण्यात आले, तो या इतिहासाचा आरंभ मानतात. पुढे बत्तीस वर्षांनी ‘टायटॅनिक’ बुडाली. १९१२ सालच्या एप्रिल महिन्यातील त्या रात्री बोट बुडण्यापूर्वी काही मिनिटांपर्यंत तिचे दिवे जळत होते. दिवे होते म्हणून माणसांना जिने दिसले, होड्या उतरविता आल्या आणि बिनतारी संदेश जात राहिले. ते दिवे जळते ठेवणारे इंजिनिअर व वीजतंत्री खाली राहिले. त्यांतील एकही परत आला नाही. या व्यवसायाचा स्वभाव त्या एका रात्रीत दिसून येतो. दिवा लागलेला असतो तेव्हा तो कोणामुळे लागला आहे, हे कोणी विचारीत नाही.

आमचा जो विद्यार्थी आज बत्तीसाहेब आहे, तो गेल्या दिवाळीच्या सुटीत भेटण्यास आला होता. आम्ही त्याला म्हटले, “अरे, तू तेथे करतोस तरी काय, ते एकदा आम्हांलाच विद्यार्थी समजून सांग.” तो हसला, आणि पाठकोऱ्या कागदावर आकृत्या काढून दोन तास सांगत राहिला. पुढील माहिती बरीचशी त्या पाठावर आधारलेली आहे.

मालबोटीवर साधारणपणे तीन किंवा चार जनरेटर असतात आणि ते डिझेल इंजिनावर चालतात. आपल्या घरात २३० व्होल्ट दाबाची, सेकंदाला ५० आवर्तनांची वीज येते. बहुतेक मालबोटींवर ४४० व्होल्ट दाबाची व ६० आवर्तनांची तीन फेजची वीज असते. मोठ्या कंटेनर-बोटींवर हा दाब ६,६०० व्होल्ट, तर प्रचंड प्रवासी बोटींवर ११,००० व्होल्टपर्यंतही जातो. एक हजार व्होल्टच्या वरचा दाब हाताळण्यासाठी वेगळे शिक्षण घ्यावे लागते.

चालू जनरेटरला दुसरा जोडावयाचा असेल तेव्हा दोघांचा दाब, आवर्तने आणि लय जुळावी लागते. शाळेच्या लेझीम पथकात नवा मुलगा मध्येच शिरला तर तो आधी इतरांचे पाऊल पाहतो आणि बरोबर ठेक्यावर आत येतो. तसे न करता घुसला तर सारी रांग कोलमडते. जनरेटरचेही तसेच आहे. आणि भार फार वाढून एखादा जनरेटर दमू लागला, तर स्विचबोर्ड आपोआप काही मंडळींना बाजूला काढतो. प्रथम वातानुकूलन बंद होते, स्वयंपाकघराच्या शेगड्या बंद होतात. पण सुकाणूला हात लागत नाही. घरात तंगी आली म्हणजे आधी मिठाई बंद होते, मुलांचे दूध शेवटपर्यंत चालू राहते, तसाच हा प्रकार आहे.

यापुढची गोष्ट आम्हांला फार मनोरंजक वाटली. आपल्याकडे विजेच्या व्यवस्थेत एक तार जमिनीशी जोडलेली असते. एखाद्या यंत्रात वीज धातूच्या अंगाला लागली तर मोठा प्रवाह वाहतो, फ्यूज उडतो आणि ते यंत्र बंद पडते. घरात हे उत्तम. परंतु ऐन वादळात बोटीच्या सुकाणूची मोटर अशी फटकन बंद पडली तर काय होईल? म्हणून बोटीवर ४४० व्होल्टच्या व्यवस्थेत कोणतीही तार बोटीच्या अंगाशी मुद्दाम जोडीत नाहीत. कोठेतरी वेष्टण फाटून एक तार पोलादाला टेकली, तरी कारभार चालूच राहतो. फक्त स्विचबोर्डवर इशारा मिळतो. तेथे पूर्वीपासून तीन दिवे लावण्याची रीत आहे, प्रत्येक फेजचा एक. तिन्ही सारखे जळत असतील तर सारे ठीक. एक मंद झाला आणि उरलेले दोन जास्त प्रखर झाले, तर मंद दिव्याच्या फेजमध्ये दोष आहे असे समजावे.

येथून बत्तीसाहेबांचे काम सुरू होते. दोष कळला, पण तो शेकडो ठिकाणांपैकी कोठे आहे? कदाचित डेकवरच्या दिव्यात खारे पाणी शिरले असेल, कदाचित स्वयंपाकघरातील ओव्हनचे वेष्टण जळले असेल. त्यासाठी एकेक शाखा थोडा वेळ बंद करून पाहावयाची आणि दिवा पूर्ववत होतो का ते तपासावयाचे. कोणती शाखा केव्हा बंद करता येईल, यासाठी कप्तानाच्या आणि मुख्य इंजिनिअरच्या माणसांशी बोलावे लागते. घाई केली तर अनर्थ होतो, आणि आळस केला तर दुसऱ्या फेजमध्येही दोष उत्पन्न होऊन दोन्ही मिळून भडका उडू शकतो. पहिल्या दोषाने काहीच बिघडत नाही, म्हणूनच तो धोक्याचा. “सर, पहिली चूक बोट माफ करते. ती माफी किती वेळ टिकेल ते मात्र सांगत नाही,” असे आमचा विद्यार्थी म्हणाला.

सर्व जनरेटर बंद पडले तर काय, याचीही तजवीज आंतरराष्ट्रीय नियमांनी केलेली आहे. इंजिनखान्याच्या बाहेर, वरच्या डेकच्याही वर एक स्वतंत्र आणीबाणीचा जनरेटर असतो. मुख्य वीज गेल्यावर ४५ सेकंदांच्या आत त्याने वीज दिली पाहिजे. मालबोटीवर १८ तास आणि प्रवासी बोटीवर ३६ तास पुरेल इतकी त्याची तरतूद ठेवावी लागते. तो खरोखर चालतो की नाही, हे वरचेवर चालवून पाहणे हेही याच अधिकाऱ्याचे काम.

याशिवाय त्याचा रोजचा दिवस भरलेलाच असतो. सकाळी रात्रीच्या इशाऱ्यांची नोंद पाहावी. मोटरींचे वेष्टण मेगरने मोजावे, कारण समुद्राची खारी दमट हवा ते हळूहळू कमकुवत करते. बॅटऱ्या पाहाव्यात, आगीची सूचना देणारी यंत्रे पाहावीत, क्रेनचे स्विच पाहावेत. कंटेनर-बोटीवर शेकडो शीत-कंटेनर असू शकतात. त्यांत मासळी वा मांस उणे १८ अंशांवर ठेवलेले असते, आणि एकाची जरी वीज गेली तरी कोणाचातरी माल नासतो. तेलवाहू बोटीवर तर साधा टॉर्चदेखील ठिणगी न उडविणाऱ्या जातीचा लागतो. त्यात पुन्हा रडार, होकायंत्र आणि बिनतारी यंत्रे आलीच. १९९९ सालच्या १ फेब्रुवारीपासून उपग्रहावर आधारलेली संकटसंदेशाची नवी पद्धत जगभर पूर्णपणे लागू झाली, तेव्हा मामूंचे मार्कोनीसाहेब बोटीवरून उतरले. त्यांच्या यंत्रांची निगा पुष्कळ ठिकाणी बत्तीसाहेबांकडे आली.

इतके असूनही या अधिकाऱ्याला आंतरराष्ट्रीय कायद्यात स्वतंत्र स्थान फार उशिरा मिळाले. खलाशांच्या शिक्षणासंबंधी १९७८ साली जो जागतिक करार झाला, त्यात या पदाचे नाव नव्हते. २०१० साली मनिला येथे त्या करारात दुरुस्त्या झाल्या, त्या १ जानेवारी २०१२ पासून अमलात आल्या, आणि मग या पदासाठी रीतसर पात्रता ठरली.

लहानसा सैलपणा केवढे रूप घेऊ शकतो, याचे उदाहरण अलीकडचेच आहे. २६ मार्च २०२४ च्या मध्यरात्रीनंतर अमेरिकेतील बाल्टिमोर बंदरातून ‘डाली’ नावाची सुमारे ३०० मीटर लांबीची कंटेनर-बोट कोलंबोकडे निघाली. तिच्यावरील बहुतेक खलाशी भारतीय होते. पुलाजवळ येताच तिची वीज गेली, परत आली आणि पुन्हा गेली. बोट भरकटत जाऊन फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबावर आदळली आणि तो पूल कोसळला. बोटीवरून वेळेवर इशारा गेल्यामुळे पोलिसांनी वाहने अडविली व पुष्कळांचे प्राण वाचले. तथापि पुलावर रस्त्याची डागडुजी करणारे सहा मजूर मृत्युमुखी पडले. अमेरिकेच्या तपास मंडळाने नोव्हेंबर २०२५ मध्ये आपला निष्कर्ष जाहीर केला. पहिल्यांदा वीज गेली ती एका सैल वायरमुळे. वायरीवर ओळखीसाठी जी लेबलाची पट्टी चढवितात, ती अशा जागी बसली होती की, वायरीचे टोक जोडणीच्या खाचेत पुरते शिरलेच नव्हते.

हे उदाहरण आम्ही कोणाला दोष देण्यासाठी सांगत नाही. अशा बोटीवर हजारो वायरी असतात आणि बाहेरून ती वायर जोडलेलीच दिसत होती. परंतु या व्यवसायाची किंमत कशात आहे, ते यावरून ध्यानी यावे. एक स्क्रू आवळला गेला, एक वायर ओढून पाहिली गेली, तर काहीच घडत नाही. आणि काहीच न घडणे हीच या माणसाची कमाई असते. तिचे प्रशस्तिपत्र कोणी देत नाही.

आता आमच्या चुकीविषयी. आमचा दुसरा विद्यार्थी विद्युत् शाखेची पदविका घेऊन बसला होता. एका दलालाने त्याला बोटीवर थेट नोकरी लावून देण्याचे सांगून साडेतीन लाख रुपये मागितले. वडिलांनी शेताचा तुकडा गहाण ठेवण्यापूर्वी मुलाला आमच्याकडे पाठविले. कागद इंग्रजीत होता, शिक्का गोल होता, बोटीचे चित्र सुंदर होते. आम्ही चष्मा लावून वाचले आणि “ठीक दिसते” असे म्हटले. आमच्या त्या दोन शब्दांवर शेत गहाण पडले. पुढे वैद्यकीय तपासणीत मुलाला तांबडा व हिरवा रंग वेगळा ओळखता येत नाही, असे निघाले. वायरीच्या रंगांवर आणि बोटीच्या तांबड्या-हिरव्या दिव्यांवर ज्यांचे काम चालते, त्यांच्यात अशा दृष्टीच्या माणसाला घेत नाहीत, आणि ते योग्यच आहे. दलालाने पैसे परत केले नाहीत.

त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. कारण आम्हांला आठवले की, नववीत असताना याच मुलाने प्रयोगशाळेत तांबडी आणि हिरवी वायर दोनदा उलट जोडली होती. आम्ही त्याला सर्वांसमक्ष धांदरट म्हटले होते. तो धांदरट नव्हता. विज्ञानाच्या शिक्षकाला हे दिसावयास हवे होते. तो मुलगा आता गावात पंपाच्या मोटरी दुरुस्त करतो, काम उत्तम करतो, रस्त्यात भेटला म्हणजे आम्हांला नमस्कार करतो, आणि त्या नमस्काराने आम्ही अधिकच खजील होतो.

म्हणून पालकांनी व मुलांनी पुढील गोष्टी नीट ध्यानात धराव्यात. हे क्षेत्र मुलींनाही खुले आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

सर्वांत आधी डोळे. नेत्रतज्ज्ञाकडे ठिपक्यांच्या चित्रांची एक पुस्तिका असते. तीवरून रंगदृष्टीची परीक्षा काही मिनिटांत होते. अर्ज, शुल्क, गणवेश हे सारे त्यानंतर.

दुसरे शिक्षण. विद्युत्, इलेक्ट्रॉनिक्स किंवा तत्सम शाखेची पदविका अथवा पदवी लागते आणि इंग्रजीही बऱ्यापैकी लागते. त्यानंतर सरकारमान्य संस्थेत सुमारे चार महिन्यांचा अभ्यासक्रम, पोहणे, आग विझविणे व प्रथमोपचार यांचे शिक्षण, मग बोटीवर उमेदवारी. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे कार्यशाळा व समुद्र मिळून निदान बारा महिने शिक्षण व्हावे लागते. त्यांतील निदान सहा महिने समुद्रावर काढावे लागतात. त्यानंतर पात्रतेची परीक्षा. गुणांच्या व वयाच्या अटी वेळोवेळी बदलतात, म्हणून त्या केंद्र सरकारच्या नौवहन खात्याच्या ताज्या परिपत्रकातच पाहाव्यात, दलालाच्या पत्रकात नव्हे.

तिसरे पैसे. अभ्यासक्रमाचे शुल्क संस्थेला पावती घेऊन द्यावे. परंतु नोकरी लावण्याबद्दल खलाशाकडून पैसे घेणे हे खलाशांच्या हक्कांविषयीच्या २००६ च्या जागतिक कराराने मना केलेले आहे, आणि भारतही त्या करारात सामील आहे. भरती करणाऱ्या कचेरीकडे सरकारी परवाना असावा लागतो. तो खरा की खोटा हे सरकारी यादीवरून तपासता येते. जो नोकरीसाठी पैसे मागतो, तो त्या क्षणीच स्वतःची ओळख सांगतो.

चौथी गोष्ट कोणी सांगत नाही, ती आम्ही सांगतो. प्रत्येक बोटीवर बत्तीसाहेब ठेवलाच पाहिजे असे बंधन आंतरराष्ट्रीय करारात नाही. त्यामुळे जागा मर्यादित असतात आणि पहिली उमेदवारी मिळविण्यासाठी पुष्कळ थांबावे लागते. इंजिनिअर जसा पायरी पायरीने बडासाहेब होतो, तशी लांब शिडीही येथे नाही. अनुभव झाल्यावर किनाऱ्यावर तपासनिसाचे किंवा यंत्रे दुरुस्त करणाऱ्या कंपनीचे काम मिळू शकते. पगार डॉलरात असतो हे खरे. पण बहुतेक करारांत तो बोटीवर असतानाच मिळतो, घरी असताना नाही.

पाचवे, स्वभाव. चार-सहा महिने वीस-पंचवीस माणसांत राहावयाचे. शंभराहून कमी माणसांच्या मालबोटीवर डॉक्टरही बहुधा नसतो. ईद असो वा दिवाळी, घर फोनवरच भेटते. “सर, सर्वांत कठीण काय, तर काम झाल्यावरचा पहिला तास,” असे आमचा विद्यार्थी सांगत होता. ज्या मुलाला एकट्याने, कोणी पाहत नसता, कंटाळवाणे काम नीट करण्याची सवय आहे, त्याने या वाटेस जावे. ज्याला टाळ्या हव्यात, त्याने दुसरी वाट पाहावी.

या संस्थेच्या महोत्सवाच्या निमित्ताने विश्वस्त मंडळींना आमच्या दोन लहान विनंत्या आहेत. शिष्यवृत्तीच्या अर्जाबरोबर दरवर्षी नववीच्या मुलामुलींच्या रंगदृष्टीची तपासणी एका रविवारी करवून घ्यावी. नेत्रतज्ज्ञांना आणण्याची जबाबदारी आम्ही घेतो. आणि परगावच्या नोकरीचा कोणताही कागद पैसे देण्यापूर्वी संस्थेच्या कचेरीत दोन माणसांनी वाचावा, अशी पद्धत पाडावी. एकट्या मास्तराच्या “ठीक दिसते” या शब्दांवर कोणी शेत गहाण ठेवू नये.